हिरव्या शाईतला शेरा

फोन आला तेव्हा वर्गात हशा पिकला होता. 'साहेब अंगावर ओरडला तर काय करायचं' हा धडा चालू होता. साहेबाचं सोंग घेतलेला गोलमटोल मुलगा टेबलावर मूठ आपटून असा काही ओरडत होता की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर दार उघडून डोकावून गेले. बाई भिंतीला टेकून डोळे पुसेपर्यंत हसत होत्या. तेवढ्यात शिपाई आला आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "बाई, लॉन्ड्रीतून फोन आहे. आपल्या मुलीचा हात यंत्रात गेलाय."

"कोणत्या मुलीचा?"

"ती हळू बोलणारी. पुटपुट."

बाईंच्या हातातला खडू खाली पडला आणि पहिल्या बाकापर्यंत घरंगळत गेला.

या शाळेत वरच्या वर्गांना आठवड्यातून चार तास 'कामाची तयारी' असा विषय होता. समोरच्याच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं, अर्ज कसा लिहायचा, आजारी पडलात तर कामावर कसं कळवायचं, चूक झाली तर ती कबूल कशी करायची, असलं सगळं त्यात असे. आणि वर्षातून एकदा तीन आठवडे प्रत्यक्ष कामाचा सराव. निम्मी मुलं बाहेर कामावर, निम्मी वर्गात, मग अदलाबदल. बाई काही शिकून-सवरून झालेल्या शिक्षिका नव्हत्या. अठरा वर्षं त्या एका मोठ्या दुकानात तक्रारींच्या खिडकीमागे बसल्या होत्या. वर्षभर टाचा झिजवून "बूट लहान पडतो" म्हणून परत आणणारी माणसं त्यांनी पाहिली होती, धुऊन आटवलेला स्वेटर तोंडावर फेकणारीही पाहिली होती. तक्रार करणारं माणूस म्हटलं की त्यांच्या कपाळात एक शीर उडू लागे. दुकान बंद पडलं आणि शाळेने त्यांना वर्षाच्या करारावर घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तीन वाक्यं लिहिली. ती पुढे चार वर्षं कोणी पुसली नाहीत. वेळेआधी दहा मिनिटं. आपणहून काम मागा. तक्रार नको, तोडगा सांगा.

पुटपुटने ती वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून त्यांना पट्टीने चौकट आखली होती. बसचालकाची मुलगी, अंगाने किरकोळ. वर्षाच्या सुरुवातीला ती बाईंच्या साडीच्या काठाशी बोलायची, बाईंशी नाही. प्रत्येक शिक्षक तिला "मोठ्याने, मोठ्याने" म्हणत, म्हणून मुलांनी ते नाव ठेवलेलं. बाईंनी तिच्यावर वर्षभर मेहनत घेतली होती. लॉन्ड्रीच्या सुपरवायझरने मुलाखत घेतली तेव्हा तिने मान वर करून आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि बाईंना दाराआड हुंदका आवरावा लागला होता.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत बाईंच्या एका चपलेचा अंगठा तुटला होता. पाय फरफटत त्या ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बोळात शिरल्या. पोरगी चाकांच्या खाटेवर पडली होती. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. वास जळकट होता. आई उशाशी उभी होती. वडील अंगावर गणवेश तसाच ठेवून एका नर्सला तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते.

"बाई," मुलगी म्हणाली. औषधाने तिची जीभ जड झाली होती. "मी सुपरवायझरांना कळवलंय. उद्या येता येणार नाही म्हणून. नर्सताईंनी फोन लावून दिला. आधी कळवायचं असतं ना?"

बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"बरोबर केलं ना मी?"

"बरोबर केलंस, बाळा," बाई म्हणाल्या.

आईने हे ऐकलं. तिने हळूच मान वळवून बाईंकडे पाहिलं, आणि त्या नजरेपुढे बाईंना जागच्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं. मग दार उघडलं आणि खाट आत गेली.

दोन बोटं जाणार, अंगठा वाचेल, असं तासाभराने एक डॉक्टर सांगून गेला. वडील खाली बसले. ते बसत असतानाच बाईंच्या डोक्यात लख्ख काहीतरी चमकलं. लॉन्ड्रीत मुली दोन पाठवल्या होत्या. दुसरी, जिला सगळे लंबी म्हणत, ती अजून तिथेच होती.

बाई धावत सुटल्या. तुटकी चप्पल त्यांनी हॉस्पिटलच्या पायरीवरच टाकून दिली.

लॉन्ड्री म्हणजे एक लांबलचक शेड. हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे डोंगराने येत. आत पाऊल टाकताच ओली वाफ अंगाला चिकटली. मधोमध इस्त्रीचं यंत्र होतं, गरम रूळ फिरत होते, आणि त्याच्या तोंडाशी, चादरीची दोन टोकं दोन हातांत ताणून, लंबी उभी होती.

यंत्राच्या तोंडावर एक लाल पट्टी असते. हात फार पुढे गेला की पट्टीला लागतो आणि सगळं यंत्र जागच्या जागी थांबतं. ती लाल पट्टी निळ्या वायरने वर, पाइपाला घट्ट बांधून टाकलेली होती.

"हो बाजूला!" बाई किंचाळल्या. "हो आधी बाजूला!"

लंबी दचकली, पण हलली नाही. "बाई, तिची जागा रिकामी होती. मीच म्हटलं मी उभी राहते. आपणहून काम मागायचं ना?"

"सोड ती चादर!"

"सुपरवायझरांना न सांगता जागा कशी सोडू? तुम्हीच तर..."

बाईंनी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. चादर एकटीच आत गेली, वाकडी, चुण्या पडलेली. सुपरवायझर चष्मा कपाळावर चढवून धावत आला. "हे काय चाललंय? एका पोरीच्या धांदरटपणाने आधीच दीड तास वाया गेलाय माझा!"

"ती पट्टी बांधलीय कोणी?"

"कुठली पट्टी?"

"ती! ती काय, तुमच्या डोळ्यांसमोर!"

त्याने वर पाहिलं सुद्धा नाही. "बाई, तुमची मुलगी घेऊन जा," तो म्हणाला. "उद्यापासून एकही पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. रात्रभर जागा दिसत होता, दाढीही केली नव्हती. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'विद्यार्थ्यांना सरावापूर्वी यंत्रांपासूनच्या सुरक्षिततेचे पूर्ण शिक्षण देण्यात आले होते.' खाली सहीची जागा.

"तो धडा राहिला, सर," बाई म्हणाल्या. "पुस्तकात होता. मुलाखतींची तयारी लांबली, म्हणून मी पुढे ढकलला."

"एक तास तरी घेतला असेल?"

"नाही."

"तोंडी काही? 'जपून राहा' वगैरे?"

"बसमध्ये बसताना म्हटलं होतं. जपून जा म्हणून."

मुख्याध्यापकांनी कपाळ चोळलं. "बाई, परवा कारखाना निरीक्षक येतायत. लॉन्ड्री म्हणते पट्टी कधी बांधलेलीच नव्हती, मुलगी खेळत होती. आपण शिकवलंच नाही असं निघालं तर हा विषय बंद. तुम्ही तर जालच, पण तीस ठिकाणी आपली मुलं काम शिकतायत, ती दारं कायमची लागतील. विचार करा."

"मी सही केली तर मुलगी खोटी पडेल, सर. शिकवूनही तिने ऐकलं नाही असं होईल."

"विचार करा," ते पुन्हा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मग बाईंची जी धावाधाव सुरू झाली तिला ताळतंत्र नव्हतं. आधी त्या लॉन्ड्रीत गेल्या, पट्टीचा फोटो काढायला. पट्टी खाली आलेली, पुसून चकचकीत, आणि पाइपावर वायरचा मागमूस नाही. मग लंबीच्या घरी. तिथे कळलं की लंबीची आई त्याच लॉन्ड्रीत घड्या घालायच्या कामाला आहे. तिने बाईंना दारातच अडवलं. "बाई, पाया पडते तुमच्या. पोरीने काही बघितलं नाही. आमच्या पोटावर पाय देऊ नका." तिच्या मागे लंबी उभी होती, आणि तिने एकदाही वर पाहिलं नाही. मग यंत्रावर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशींचा पत्ता काढून बाई तीन जिने चढून गेल्या. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सुट्टी दिलीय म्हणे त्यांना, लेकीकडे गेल्या.

बाई घरी आल्या तेव्हा टळटळीत दुपार होती. घरात त्या आणि त्यांची मोठी बहीण, दोघीच. ताई निवृत्त दाई, अर्ध्या गावाला आपण या जगात आणलंय अशा थाटात बोलणारी.

"तोंड धू आधी," ताई म्हणाली. "भुतासारखी दिसतेस."

"ताई, कोणी बोलायलाच तयार नाही. एक माणूस नाही."

"पोरगी स्वतः बोलेल ना?"

"तिचं कोण ऐकतंय? ती खेळत होती म्हणतायत." बोलता बोलता बाई थांबल्या. "तिची वही आहे."

सरावावर गेलेली मुलं रोज एक पान लिहीत. आज काय शिकलो, काय पाहिलं. दर शुक्रवारी वह्या बाईंकडे येत, बाई हिरव्या शाईने शेरा मारून, तारीख घालून सोमवारी परत पाठवत. या शुक्रवारच्या वह्या अजून त्यांच्याच कपाटात होत्या. पुटपुटची वही खालून तिसरी निघाली. बाईंनी उभ्या उभ्या पानं उलटली. पहिल्या आठवड्याच्या गुरुवारी, ठळक, नीटस अक्षरात लिहिलं होतं:

'आज मी चादरी घालायला शिकले. यंत्राच्या तोंडावरची लाल पट्टी वायरने वर बांधलेली आहे. हात लागला तर तिच्यामुळे यंत्र थांबतं असं मावशी म्हणाल्या. पण बांधलेली असेल तर थांबणार नाही. हे मी सुपरवायझरांना विचारू का? की ती तक्रार होईल? बाई, कृपया सांगा.'

"मिळालं!" बाई ओरडल्या. "ताई, मिळालं! तिने लिहून ठेवलंय!"

आणि मग त्यांची नजर समासात गेली. हिरवी शाई. त्यांचंच अक्षर, घाईतलं, तिरपं.

'निरीक्षण छान! पण पहिल्या आठवड्यात प्रश्न कमी, काम जास्त. शाब्बास!'

खाली सही. खाली तारीख.

बाईंनी पान उलटलं. सोमवारी मुलीने एकच ओळ लिहिली होती. 'आज मी प्रश्न विचारला नाही.'

ताईने येऊन वही हातातून घेतली, चष्मा लावून सावकाश वाचली आणि टेबलावर ठेवली.

"वाचलं नव्हतंस ना?" ताई म्हणाली.

"चाळीस वह्या असतात. पहिली ओळ वाचते, पुढचं चाळते. वाचलं असतं तर..."

"वाचलं असतंस तर काय केलं असतंस?"

वाचलं असतं तरी, पहिल्याच आठवड्यात लॉन्ड्रीवाल्यांना दुखवायला नको, असं त्यांनी म्हटलं नसतं कशावरून? त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांना इतका हमसून हमसून रडू आलं की श्वास अडकू लागला. ताईने पाठीवरून हात फिरवला, पण धीराचा एक शब्द तोंडातून काढला नाही.

संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. बाईंनी त्यांना वहीचं सांगितलं, शेऱ्यासकट. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, वर्षाअखेरीला वह्या रद्दीत जातातच. एखादी आधी गेली तर कोण विचारणार? मी काही सांगत नाहीये तुम्हाला. तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ताई बाजारात गेली. बाईंनी वही समोर घेतली. खरं सांगायचं तर त्यांनी ते पान फाडायला धरलं. नुसतं धरलं नाही, ओढलंही. शिवणीपाशी वरचा टाका सुटला, पान बोटभर फाटलं. आपलं वय पंचावन्न, पुन्हा कोण काम देणार. ताईच्या औषधपाण्याचं काय. बाकीच्या मुलांचं काय. मुलीची बोटं काही परत यायची नाहीत. सगळं खरं होतं, एकूण एक गोष्ट खरी होती. आणि तरी त्या फाटलेल्या जागेच्या शेजारी 'बाई, कृपया सांगा' असं लिहिलेलं होतं.

ताई पिशव्या घेऊन आत आली. तिने फाटलेलं पान पाहिलं, बाईंचा हात पाहिला.

"द्यायची तर पूर्ण दे," ती म्हणाली. "नाहीतर चुलीत घाल. अर्धी फाडून ठेवून जन्मभर माझ्यासमोर बसू नकोस."

निरीक्षक मध्यमवयीन बाई होत्या, रुक्ष, कामापुरतं बोलणाऱ्या. चौकशी मुख्याध्यापकांच्याच खोलीत झाली. लॉन्ड्रीचा मालक, सुपरवायझर, मुलीचे आईवडील, सगळे एका लांब टेबलाभोवती. सुपरवायझरने आपलं सांगून झाल्यावर बाई उठल्या आणि त्यांनी वही निरीक्षकांपुढे ठेवली. सही करायचा कागद बिनसहीचाच होता. तोही ठेवला.

निरीक्षकांनी वाचलं. "हा शेरा कोणाचा?"

"माझा."

"मजकूर वाचून लिहिलात?"

"नाही. न वाचता लिहिला."

"आणि हे पान फाटलंय ते?"

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले.

"मी फाडायला घेतलं होतं," बाई म्हणाल्या. "काल. मग नाही फाडलं."

"मोठ्याने वाचा," मुलीची आई म्हणाली.

"ते आवश्यक नाही," निरीक्षक तिला म्हणाल्या.

"मला ऐकायचंय. माझ्या पोरीने काय लिहिलं आणि यांनी काय लिहिलं. यांनीच वाचायचं."

बाईंनी वाचलं. मुलीचं लिहिलेलं त्यांनी कसंबसं वाचून काढलं. समासाशी आल्या आणि 'शाब्बास' या शब्दावर त्यांचा आवाज गेला. कोणी मदत केली नाही. तीनदा घसा खाकरून त्यांनी तो शब्द उच्चारला. बसचालक वडील तोंडावर दोन्ही हात घेऊन बसले होते. आई मात्र ताठ बसून बाईंच्या ओठांकडे बघत होती, एकही अक्षर सुटू नये अशी.

निकाल लवकर लागला. दोष लॉन्ड्रीचा ठरला. मुलीवर बोट ठेवायला कोणाला जागा उरली नाही, तिला जे मिळायचं ते मिळेल असं लेखी झालं. सुपरवायझर गेला. शाळेलाही कडक शब्दांत पत्र आलं आणि त्या पत्रासोबतच बाईंचा करार संपला. विषय वेळापत्रकातून निघाला. मुख्याध्यापक म्हणाले होते तेही खोटं ठरलं नाही. छापखाना, बेकरी, मोटारदुरुस्तीवाला, सगळ्यांनी एकामागून एक कळवलं की आम्हाला यापुढे मुलं नकोत. साहेबाचं सोंग घेणारा तो गोलमटोल मुलगा बाईंना रस्त्यात भेटला. छापखान्यात त्याचा सराव ठरला होता. "आता आम्ही काय करायचं, बाई?" एवढंच त्याने विचारलं.

बाई मुलीच्या घरी जात राहिल्या. पहिल्यांदा आईने दार उघडून लगेच लावलं. दुसऱ्यांदा उघडलंच नाही. तिसऱ्यांदा वडिलांनी दारातूनच, नरम आवाजात, "आत्ता नको, बाई" म्हटलं. तरी त्या जात राहिल्या, दर रविवारी सकाळी, कारण न जाणं त्यांना जमत नव्हतं. तिथे गेल्यावर काय म्हणायचं हे त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

सहाव्या रविवारी मुलगी स्वतः जिना उतरून खाली आली. हाताला पट्टी नव्हती. तिने तो हात पाठीमागे घेतला नाही, पुढेही केला नाही, नुसता बाजूला सोडला होता. दोघी जिन्याच्या मधल्या वळणावर उभ्या राहिल्या.

"दुखतं का गं?" बाईंनी विचारलं.

"जी बोटं नाहीत ना, ती दुखतात," मुलगी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात होतं तसं." जरा थांबून ती म्हणाली, "तुम्ही खरंच वाचलं नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं वाचून लिहिलंय. मी तीनदा वाचला होता तो शेरा. घरी सगळ्यांना दाखवलापण."

बाईंनी जिन्याच्या कठड्याला धरलं. "माझी चूक आहे, बाळा. सगळी माझी."

"सगळी नाही. वायर तुम्ही बांधली नव्हती." मुलीने पायाच्या अंगठ्याने पायरीवरची धूळ सारली. "बाई, तुम्ही येऊन गेलात की आई दोन दिवस जेवत नाही. नुसती बसून राहते. तुम्ही येऊ नका."

"बरं."

"मला राग नाहीये. म्हणजे आहे. कधी असतो, कधी नसतो. पण तुम्ही येऊ नका."

"नाही येणार."

मुलगी वळली आणि डाव्या हाताने कठडा धरत वर गेली. दार लागल्याचा आवाज आला, मग कडी. बाई पायरीवर बसल्या. वरून कोणी तरी कपड्यांची बादली घेऊन उतरलं आणि वाट मागितली, तेव्हा त्या भिंतीला सरकल्या, आणि ते माणूस निघून गेल्यावरही तशाच भिंतीला चिकटून बसून राहिल्या.